घरची मिरची, तिसरा मजला

२ जून

आईच्या डब्यातल्या नऊ मिरच्या फोडल्या. तिघींच्या पोटात नुसता भुगा. बाकीच्यांतून मिळून चाळीसेक बिया, त्यातल्या निम्म्या काळपट. हात अजून झोंबतायत. त्याच हाताने डोळा चोळला, तो वेगळाच.

एवढंच उरलंय. अंजूरला, माहेरच्या वाडीत भात निघालं की आई दरवर्षी ही मिरची लावायची. आखूड, जाड, सुकली की सुरकुतणारी. नाव काही नाही, आम्ही नुसतं 'घरची' म्हणायचो. नाव असतं तर कुठल्या तरी दुकानात जाऊन मागितली असती. आई गेल्यावर दादानं लावली नाही, आणि मार्चमध्ये वाडीवर मुरूम पडला. गोडाऊन येतंय. हक्कसोडीच्या कागदावर मी सही केली, हसत केली, आमच्यात सगळ्या बहिणी करतात. "मुरूम टाकायच्या आधी फक्त एक फोन कर" एवढंच म्हटलं होतं. नाही केला. कळलं तेव्हा गेले, तर वहिनीनं माळ्यावरचा डबा हातात दिला. "न्या ताई, झुरळं होतायत."

तेव्हापासून दादाशी बोलणं बंद. मी बंद केलंय. त्याला ते कळलंय की नाही, देव जाणे.

६ जून

बिया ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात. चार दिवस झाले, काही नाही. ह्यांनी आज तीनदा विचारलं, "आल्या का गं?" शेवटी म्हटलं, आल्या की पेढे वाटीन, तोवर विचारू नका.

११ जून

फडक्याला बुरशी. बिया धुतल्या, नवं फडकं. हा सगळा खेळ सकाळी, सहाची कंपनीची बस चुकेल या भीतीत. दापोड्याच्या गोडाऊनमध्ये दिवसभर दुसऱ्यांची पार्सलं स्कॅन करते आणि डोक्यात फडकं.

१५ जून

सात! चाळिसातून सात कोंब. पेढे नाही वाटले. हे म्हणाले, "बोलली होतीस की." म्हटलं, जगू देत आधी.

२९ जून

रंगाच्या रिकाम्या बादल्या आणल्या, हार्डवेअरवाल्याकडून. माती विकत आणली. माती. विकत. आईला हे सांगितलं असतं तर ती नुसती...

गोणीत निम्मा नारळाचा भुसा निघाला. नर्सरीवाला म्हणतो, "मॅडम, आजकाल हीच चालते." हलकी असते म्हणे. हलकी आहे खरंच, वाऱ्याने अर्धी गॅलरीभर झाली.

६ जुलै

सातातली दोन गेली. खोडाशी सडली. पाणी जास्त झालं. आता बोट खुपसून बघते, ओलं असेल तर पाणी नाही. मग काल पाणी दिलं नाही तर दुपारी माना टाकल्या. यांना नेमकं हवंय काय?

खालच्या मजल्यावरच्या नसीमआपा वर आल्या. "भाभी, आपकी मिट्टी का पानी मेरे धुले कपड़ों पे टपकता है." बरोबर आहे त्यांचं. सॉरी म्हटलं, बादल्यांखाली ताटल्या ठेवल्या. जाताना झाडं बघून म्हणाल्या, "इतनी मेहनत? मैं तो तेल के डब्बे में डाल के भूल जाती हूँ."

त्यांच्या तेलाच्या डब्यातली लवंगी खिडकीतून दिसते. कमरेएवढी. लाल-हिरवी लगडलेली. मी तिकडे बघत नाही.

२० जुलै

मागच्या गल्लीतले कापडाचे लूम चोवीस तास. रुई उडते आणि पानांवर बसते, पाऊस थांबला की पानं पांढरी. जुना टूथब्रश घेऊन एकेक पान साफ करत बसले. पाच झाडांची पानं. हे चहा घेऊन आले, उभे राहिले, म्हणाले, "दात पण घास त्यांचे." हसू आलं नाही. थोडं आलं.

नंतर खरोखर काळजीने म्हणाले, "अशक्त दिसतात गं. ताकद पाहिजे त्यांना." जणू मला माहीत नाही.

९ ऑगस्ट

राखी. गेले नाही. पोस्टानेही पाठवली नाही. दिवसभर फोन उलटा ठेवला होता, मग सुलटा करून बघितला. काही नाही.

झाडांची वरची पानं मुरडायला लागलीत. बोकड्या. आई म्हणायची तोच. पान उलटून बघितलं, पांढरी माशी. ताक मारलं.

१६ ऑगस्ट

ताकाने काही नाही. फक्त गॅलरीला आंबट वास. हिंगाचं पाणी मारलं. ह्यांनी विचारलं, आमटी करतेस का.

२३ ऑगस्ट

एक झाड गेलं. चार. मातीवर विचित्र पापुद्रा धरतोय, पांढरट, नखाने उचलला की कागदासारखा निघतो. बुरशीच असणार. सगळा काढला, राख भुरभुरली. नर्सरीवाल्याला फोटो पाठवला. त्याने अंगठा पाठवला. अंगठ्याचं मी काय करू?

एक गोष्ट लक्षात आली. शनिवारी झाडं जास्त मरगळलेली असतात. शुक्रवारी लूम बंद, रुई कमी, म्हणजे उलट बरी दिसायला हवीत. पण नाही. शुक्रवारी मी शिफ्टला असते. नसीमआपांवर संशय आला. खालून काही फवारत असतील का? लाज वाटली लिहिताना, पण आला.

३१ ऑगस्ट

गौरी आल्या. अंजूरला गेले नाही. वहिनीनं फोन केला होता, "या ना ताई." म्हटलं, सुट्टी नाही. सुट्टी होती. घरी बसून झाडांकडे बघत होते. आणखी एक गेलं. तीन.

पापुद्रा परत आलाय, राखेवरून.

१२ सप्टें., शुक्र.

रागानेच लिहायला बसले.

गोडाऊनची सिस्टिम बंद पडली, अर्ध्या दिवसात घरी पाठवलं. दार उघडलं तर हे गॅलरीत स्टुलावर बसलेले. बाजूला पाच लिटरचा कॅन, हातात आंघोळीचा मग. झाडाला सांगतायत, "पी, पी. शाब्बास." मला बघून तो मग पाठीमागे लपवला. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस.

"काय आहे कॅनमध्ये?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे काय?"

"खळ."

ह्यांच्या सायझिंगच्या कारखान्यातली खळ. सुताला लावतात ती. तीस वर्षं हे तिथे आहेत, रोज सुताला खळ पाजतात, आणि आता माझ्या झाडांना.

म्हणाले, "अगं, सूत पण असंच मरगळलेलं येतं. खळ लागली की कसं ताठ होतं. लूमवर दिवसभर आपटलं तरी तुटत नाही. तू तांदळाचं धुवण घालतेसच ना? ही पण पिठाचीच."

"त्यात अजून काय असतं?"

"पीठ. मेण थोडं. तेल. आणि ते... सडू नये म्हणून औषध टाकतात ते."

"कधीपासून घालताय?"

"जुलैपासून. दर शुक्रवारी, सुट्टीला. तुला सरप्राईज."

मी त्यांच्या हातातला मग हिसकावून फेकला. खाली नसीमआपांच्या ग्रिलवर आपटला. त्या बाहेर आल्या, वर बघितलं, माझं तोंड बघितलं आणि आत गेल्या. मी ओरडले, ह्यांना काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. ते ऐकून घेत होते. शेवटी फक्त म्हणाले, "तू रोज रडवेली होऊन झोपतेस. मला बघवत नव्हतं."

तीन झाडं आहेत. एकाचं खोड काळं. बिया संपल्या, मागे काही नाही. ही गेली की संपलं.

संध्याकाळी दादाला फोन केला. केला. लिहून टाकते एकदाचं.

"हां बाय, बोल."

जसं काल बोलणं झालंय. तिथेच डोकं फिरलं, पण ठेवला नाही.

"झाडं मरतायत."

"कसली?"

"आईची मिरची."

मला वाटलं रेंज गेली.

"तुझ्याजवळ हाय?" म्हणाला. "मना वाटलं, संपली."

१३ सप्टें.

सकाळी सातला दादा दारात. मोटारसायकलवर मागे अर्धी गोण बांधलेली. जिना चढून दम लागला होता, आत आला, चपला काढल्या आणि सरळ गॅलरीत. पाणी पण घेतलं नाही. मातीला हात लावला, वास घेतला. ह्यांच्याकडे बघितलं. हे भिंतीकडे बघत होते.

"भावजी, तुमी कापड विणायला बसले होते का?"

मग कामाला लागला. बादल्या उपड्या केल्या. मुळं बाहेर, गिळगिळीत, एकमेकांना चिकटलेली. टबात पाणी बदलून बदलून मुळं धुतली. किती हळू, ते बघत राहिले. हाच माणूस वाडीवर मुरूम टाकतो. "पानां काढ सगली," म्हणाला. काढली. काळ्या खोडाचं फेकलं. दोन नुसत्या काड्या उरल्या.

गोण सोडली. काळी माती, खाडीकडची, चिवट. वास आला आणि मला कळलं.

"कुठली?"

"मागच्या बांधावरची. गोडाऊनच्या वॉलच्या भायेर थोडी राहिली होती. आपलीच हाय."

मी आत गेले. नळ सोडून तोंड धुतलं. परत आले तेव्हा झाडं लावून झाली होती. "भुसा न्हाय चालत तिला. कडक माती लागते," म्हणाला. म्हटलं, आता सांगतोस? "तू कधी विचारलंस?"

चहा प्यायला, गेला. मुरमाचं ना त्याने काढलं, ना मी.

ह्यांनी फरशी पुसली. न सांगता.

३० सप्टें.

एका काडीला काही नाही. दुसरीला डोळा फुटलाय, तीळभर. रोज बघते, रोज वाटतं कल्पना आहे. ह्यांना गॅलरीत यायला बंदी. दारातूनच विचारतात, "वाढला का?"

९ ऑक्टो.

पहिली काडी वाळली. मोडून बघितली, आत कोरडी.

एक. आता एकच. गॅलरीत साधे कपडे वाळत टाकायलाही भीती वाटते, ओली साडी झाडावर आपटली तर? मला स्वतःचाच कंटाळा आलाय. एवढ्या एका झाडापायी घरात कुणी मोकळं हसत नाही.

२३ ऑक्टो., भाऊबीज

दादा आला. ओवाळलं. साडी आणलीय, वांगी रंगाची, सुरेख आहे. चिडायला निमित्त ठेवलं नाही म्हणून आणखी चिडले.

जेवल्यावर गॅलरीत झाडापाशी जाऊन बसला. झाड वीतभर वर गेलंय, दोन कळ्या. पानं उलटून बघितली. मग म्हणाला, "बाय, पिकली की मना पण चार बिया दे."

"कुठे लावणार? गोडाऊनच्या पत्र्यावर?"

तोंडातून निघून गेलं. किती महिने तोंडात होतं. त्याने बादलीच्या कडेची माती दाबली. मग म्हणाला, "गच्चीवर. बादलीत. तुझ्यासारी."

दोन मिनिटं फार बरं वाटलं मला. मग वाईट वाटलं. मग परत राग आला.

जिन्यापर्यंत सोडायला गेले. विचारलंच. "एक फोन केला असतास तर काय झालं असतं?"

खालच्या पायरीवर उभा होता, वर बघितलं नाही. "तू आली असतीस, वाडीत उभी र्‍हायली असतीस, तर माझ्यानं मुरूम पाडवला नसता. म्हणून न्हाय केला."

वर येऊन भांडी घासली. स्वच्छ होती तीही घासली. एवढं खरं बोलायला नको होतं त्याने, माझ्याकडे नुसता राग होता तोच बरा होता.

५ नोव्हें.

दोन्ही कळ्या गळल्या. देठासकट. ऊन जास्त, का रुई, का मीच.

ह्यांनी हळूच सुचवलं, नसीमआपांना विचार. विचारलं. म्हणाल्या, "रोज मत घूरो उसको भाभी. शरमा जाती है." ग्रिलवर आपटलेला तो मग त्यांना अजून आठवतो, त्यांनीच तो धुऊन परत दिला होता. मी संशय घेतला होता हे त्यांना माहीत नाही. बरंय.

१९ नोव्हें.

नवी फुलं. सहा. बोलणार नाही कुणाला.

२८ नोव्हें.

दोन फुलं गळली. चार मिरच्या धरल्या, टाचणीच्या डोक्याएवढ्या.

१० डिसें.

कबुतर. ग्रिलच्या फटीतून. फांदी मोडून दोन मिरच्या खाली. हिरव्या, कोवळ्या, बी सुद्धा धरलं नव्हतं. हातात घेऊन बसले. शिफ्टला गेले नाही, आज नाहीच गेले. ह्यांनी सायझिंगमधून जाड सूत आणलं आणि दारात बसून ग्रिलसाठी जाळी विणली, बांधली मी. खळ लावलेलं सूत. म्हणाले, "हे तरी चालेल ना?" चालेल म्हटलं.

२१ डिसें.

दादा येऊन गेला, अंजूरची म्हणून वांगी घेऊन. वांगी कुठली विचारलं तर बाजारची.

उरलेल्या दोन मिरच्या आता करंगळीएवढ्या. त्याने वाकून बघितल्या, म्हणाला, "आईच्या मिरचीचं टोक असं न्हाय. सरल होतं."

"वाकडंच होतं."

"सरल."

"मी खुडायला जायचे. तू कधी खुडलीस?"

"मी पाणी लावलं. तीस वर्सं."

अर्धा तास भांडलो. हे मध्ये पडायला आले, दोघांनी मिळून त्यांना गप्प केलं. आईचा एक फोटो नाही मिरचीसोबत. कोण ठरवणार? तो गेल्यावर मलाच खात्री वाटेना. खालून नसीमआपांच्या लवंगीवरचे भुंगे इकडे आले असतील तर? की माझ्याच डोक्यात टोक वाकडं झालंय? इतकं जपलं आणि ही तीच नसली तर.

पिकू दे. आधी पिकू दे.

३ जाने.

एक मिरची बुडाकडून काळी पडली. सडली. फोडली, बिया पांढऱ्या पिठूळ, उपयोग नाही. फेकताना हात आपटला भिंतीवर, लागलाय.

उरलेली एक लाल होतेय. सुरकुती पण धरतेय देठाजवळ. ह्यांना दाखवली, दारातून. म्हणाले, "आत येऊ?" या म्हटलं. चार महिन्यांनी गॅलरीत पाय ठेवला. हात मागे बांधून उभे होते.

११ जाने.

काढली. दोन दिवस उन्हात ठेवली, आज फोडली. गंध आला तेव्हा वाटलं तीच. मग वाटलं, मिरचीचा गंध असतोच की. जिभेवर टेकवली. डोळ्यांत पाणी आलं, त्यावरून काही ठरत नाही.

चांगल्या बिया तेवीस.

दुपारी दादाचा फोन. मिरचीचं विचारलंच नाही. म्हणाला, "बादल्या आनल्यात. पण गच्चीवर बादली तापंल. झाडाचं मूल शिजंल का गं?"

जन्मभर शेती केलेला माणूस मला विचारतो. मी सांगितलं, पांढरी बादली घे. फरशीवर ठेवू नकोस, विटांवर ठेव. दुपारी गोणपाटाची सावली कर. पाणी सकाळीच.

"थांब," म्हणाला, "लिवून घेतंय." पलीकडे वहिनीला पेन मागताना ऐकू आलं. मी थांबले. त्याने एकेक वाक्य परत म्हणून घेतलं.

"मग, पुढच्या आईतवारी येऊ?"

बघू म्हटलं.

वर्तमानपत्राच्या दोन पुड्या केल्या. तेवीस सारख्या वाटता येत नाहीत. एकीत बारा, एकीत अकरा. हे म्हणाले, "सगळ्या तूच ठेव ना, यांच्यावर कुठे सही केलीय?"

नावं घालायला पेन घेतलं. बाराची कुणाची ते ठरेना. दोन्ही पुड्या बिननावाच्याच आहेत.